ब्रेक ऑईल जातं कुठं?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण मी एवढा मोठा गाढवपणा केलाय, की तो सांगताना मध्ये थांबलो तर पुन्हा सुरू करायची हिंमत होणार नाही.

आम्ही अमडापूरचे. माझ्याकडे जुना ट्रक आहे. इतका जुना, की विकायला काढला तर लोक विचारतात, "सोबत काय देता?" मी मात्र त्याला घरासारखा जपतो. चप्पल काढूनच आत चढतो आणि अनवाणी चालवतो. पायाला पॅडल कळलं पाहिजे, असं माझं म्हणणं.

माझ्या पोरीचा, पूजाचा, साखरपुडा रविवारी घरीच ठरला होता. पाहुणे रोहिणखेडचे. सोयरीक जमवली माझ्या बालमित्रानं, दिनकरनं. त्याचं गावात रंगाचं दुकान. त्याच्याकडूनच लाल ऑईलपेंट आणून आम्ही ओटा रंगवला. असा चकचकीत, की बायको कोणाला चप्पल घालून पाय ठेवू देईना.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ट्रकचं ब्रेक ऑईल कमी व्हायला लागलं. सकाळी ऑईलची डबी भरावी, संध्याकाळी अर्धी!

आता गळत असेल तर डाग पडेल की नाही? मी चारही चाकांखाली पुठ्ठे टाकले. सकाळी पाहतो तर कोरडे ठणठणीत. चाकांच्या आत हात घालून पाहिलं, पाईप चाचपले. कुठे थेंब नाही.

"मिस्त्रीले दाखवा," बायको म्हणाली. तिचं नाव मंदा, आणि ती बरोबर असते हा तिचा दोष.

"मिस्त्री काय माह्यापेक्षा शाहणा हाय?"

मी खूप विचार केला आणि निष्कर्ष काढला: कोणीतरी ऑईल चोरून राहिलंय. ब्रेक ऑईल चोरून कोणी काय करणार, असा प्रश्न तुम्हाला पडला ना? मला नाही पडला. मी बॉनेटला कुलूप लावलं. कुलपाच्या आतलंही ऑईल कमी झालं. चोर हुशार होता.

ट्रक मात्र चालूच होता. बुधवारी राजूर घाट उतरून मलकापूरला सोयाबीन टाकून आलो. वाटेत रोहिणखेडला पाहुण्यांकडे चहासुद्धा घेतला.

गुरुवारी ओट्याचा रंग फुगला. शुक्रवारी पोपडे निघाले. पायऱ्यांवर, दारासमोर, जागोजागी.

"अवो, पाहुण्याइले काय हा खरजेचा ओटा दाखवू?" मंदा रडकुंडीला आली.

मी तडक दिनकरच्या दुकानात. चार गिऱ्हाईकं बसलेली. हळू बोलायचं ना? नाही!

"काऊन बे दिनकर, मलेच भेसळीचा रंग देल्ला का?"

"भेसळीचा? अर्ध्या गावाले तोच देल्ला मी."

"मंग माह्याच ओट्याचे पोपडे काऊन निघून राह्यले?"

दिनकरनं हातातला डबा खाली ठेवला. "माहा रंग खोटा असंल, तं मी जमवलेली सोयरीकबी खोटीच असंल. मी काई येत नाई रविवारी."

गिऱ्हाईकांनी ऐकलं, म्हणजे गावानं ऐकलं. मधला माणूसच साखरपुड्याला नाही, तर पाहुणे काय समजतील? पूजा नुसती माझ्याकडे पाहून आत गेली. तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. माझ्या तोंडापायी पोरीचं जमलेलं मोडायची वेळ आली होती.

रविवारी सकाळी दिनकर आला. हातात रंगाचा डबा. "पोरीसाठी आलो. तुह्यासाठी नाई," एवढं बोलून ओट्यावर वाकला. बराच वेळ वाकलेलाच.

"काय पाह्यतं?" मी.

"इकडं ये. हे बोटं. हा अंगठा. ही टाच. हे पावलं हायेत बे! अन् सगळे उजव्याच पायाचे."

मी माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं. तळवा चमकत होता. ट्रकवाल्याच्या तळव्याला तेलकट लागलं तर तो काय पाहत बसतो?

दिनकर ट्रककडे गेला, केबिनमध्ये ब्रेकच्या पॅडलमागे हात घातला आणि ओला करून बाहेर काढला. गळणारं ऑईल चाकांपर्यंत जातच नव्हतं. ब्रेकला ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरमधून मागच्या बाजूनं झिरपून पॅडलवर उतरत होतं, पॅडलवरून माझ्या तळव्याला आणि तिथून माझ्या ओट्याला. ब्रेक ऑईल रंग खातं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

घाट उतरलेला आठवून मला घाम फुटला. मी दिनकरपुढे हात जोडले.

"हात राहू दे," तो म्हणाला. "पाय धू."

धुतले. ओट्यावर सतरंजी अंथरली. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली आणि माझा ट्रक आडवा. धावत जाऊन बाजूला घेतला. दहा पावलं तर घ्यायचा होता!

पाहुणे आत बसले. नवरदेवाची आजी मधोमध. पाणी घेतलं आणि म्हणाली, "पोरगी लय पायगुणाची बाप्पा! आमच्या उंबरठ्याले नवा रंग देल्ला, अन् बुधवारी त्याच्यावर लक्ष्मीचं पाऊल उमटलं. मी रोज हयद-कुंकू वाहून राह्यली."

दिनकरला ठसका लागला. तो आजीकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता.

तेवढ्यात आजीनं पूजाचे पाय पाहिले. "पण हिचा पाय तं नाजूक हाय व माय. ते पाऊल हे एवढं मोठं!" तिनं दोन्ही हातांनी माप दाखवलं.

पूजाचा चेहरा उतरला. काहीतरी करायला हवं म्हणून मी उठलो. चार पावलं चालत जाऊन आजीच्या पाया पडलो.

आजीनं आशीर्वाद दिला नाही. ती माझ्या मागं पाहत होती. मीही वळून पाहिलं. फरशीवर ओळीनं चार पावलांतली दोन पावलं उमटली होती. ओली, चमकदार, पाच बोटांसह. उजवी.

आजीनं पावलाकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं. मी डोळे मिटले.

"इवाई," आजी म्हणाली, "म्हणजे रोज मी तुमची पूजा करून राह्यली होती?"

आधी मुलाचे वडील हसले, मग आजी, मग पूजा हसली आणि माझ्या जिवात जीव आला. आजीनं कुंकवाचा करंडा मागवला. "देवपूजा अर्धी सोडत नसतेत," म्हणाली.

तर मंडळी, त्या साखरपुड्यात पहिलं कुंकू लागलं ते नवरीला नाही, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. आणि फोटोवाल्यानं अल्बमच्या पहिल्या पानावर गणपतीऐवजी तोच फोटो लावलाय.