डावं कोपर आणि यासीन मुलाणी

आमची पलटण उत्तरेच्या बर्फाळ सरहद्दीवर गेली तेव्हा मी नाईक होतो. माझं नाव शंकर, गाव वेल्ह्याजवळची एक वाडी. माझ्याच सेक्शनमध्ये लान्स नाईक यासीन मुलाणी होता, भोरचा. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. सुट्टी एकाच वेळी मिळाली तर आम्ही पुण्याहून भोरच्या गाडीत बसायचो. नसरापूर फाट्यावर मी उतरायचो, तो पुढे जायचा. पलटणीत मराठी बोलणारे पुष्कळ होते. आमच्या खोऱ्यातलं बोलणारे आम्ही दोघेच.

पोस्टवर कामं ठरलेली होती. सकाळी बर्फ वितळवून पाणी करायचं, शस्त्रं पुसायची, सेन्ट्री बदलायची. हवा साफ असली की शेजारच्या पोस्टपर्यंत पेट्रोल, म्हणजे गस्त, जायची. सेक्शनचे केस यासीन कापायचा. कापताना गाणं म्हणायचा आणि हमखास एका बाजूला जास्त कापायचा.

त्या दिवशी दुपारी आम्ही चौघं पेट्रोलवर होतो. चौघांच्या कमरेला एकच दोर. यासीन पुढे, त्याच्यामागे मी, आणि दोरीचा एक वेढा माझ्या डाव्या हातात. वरून बर्फ सपाट दिसत होता. यासीनने पाय टाकला आणि बर्फाखाली लपलेल्या भेगेत तो खाली गेला. आवाज फार झाला नाही.

मला हिसका बसला आणि मी पालथा पडलो. उजव्या हातातली आइस अ‍ॅक्स बर्फात रोवली. डावा हात दोरीबरोबर पुढे ओढला गेला आणि कोपरात काहीतरी तुटल्यासारखं झालं. पाहिलं तर हात भलत्याच बाजूला वळलेला होता. दोर मात्र हातातच होता.

खालून हाक आली, "शंकर, धरलंस का?"

"धरलंय. हलू नगस."

"लई गार हाय हितं."

"आलोच. हलू नगस."

मागच्या दोघांनी बर्फात खुंटी ठोकून दोर पक्का केला. एकाने रेडिओ काढला.

"एक जवान दरारीत. दोर होल्ड आहे. मदत पाठवा. ओव्हर."

"मदत निघाली. होल्ड करा. ओव्हर."

मदत आली, यासीन वर आला. तेव्हा जिवंत होता. पडताना त्याची छाती बर्फाच्या भिंतीवर आपटली होती. त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं. हेलिकॉप्टर यायच्या आधीच तो गेला.

माझं कोपर निखळलं होतं. फील्ड हॉस्पिटलमध्ये ते बसवलं आणि प्लास्टर घातलं. यासीनला भोरला नेलं तेव्हा मी तिथेच पडून होतो.

प्लास्टर निघालं. हात बरा झाला असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पण खुर्चीवरून हात टेकून उठायला गेलो की कोपर आतून सटकायचं. कट् असा आवाज यायचा आणि हातातला जोर निघून जायचा. गावी आलो तेव्हा दुधाची किटली उचलताना तसंच झालं. दूध अंगणभर सांडलं. बायको, सुमन, धावत आली. तिने किटली सरळ केली, मग माझ्याकडे बघितलं.

"ह्या हातानं रायफल कशी धरणार तुमी?"

मी किटली उजव्या हातात घेतली.

पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल झालो. सर्जन मेजर साहेब नागपूरकडचे. त्यांनी माझा हात धरून हळूच पिळला, तसं कोपर सटकलं.

"बाहेरच्या बाजूचं लिगामेंट गेलंय," ते म्हणाले. "दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा. तो आपला आपण जुळला नाही. नवा करावा लागेल."

"कशाचा, साहेब?"

"तुमच्याच मनगटाजवळच्या स्नायूचा एक दोरा काढू. तो नसला तरी हाताचं काही अडत नाही. हाडांना भोकं पाडून त्यातून ओवायचा आणि ताणून बसवायचा."

"पहिल्यासारखा होईल?"

"सटकणार नाही. पूर्ण सरळ होईल की नाही, ते आज सांगत नाही."

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता. मी जागा होतो. मध्ये हिरवा पडदा. ड्रिलचा आवाज हाडातून थेट कानापर्यंत येत होता.

"ठीक आहात?"

"ठीक आहे, साहेब."

वॉर्डात माझी कॉट खिडकीपाशी होती. भेटायच्या वेळी बाकीच्यांकडे माणसं यायची, डबे उघडायचे. घर म्हटलं तर जवळ, पण भाताची आवणी चालू होती आणि सुमनच्या कडेवर तान्हं मूल. तिला यायला जमलं नाही. पलटण अजून सरहद्दीवर होती. ज्याच्याशी खोऱ्यातलं बोलायचं, तो भोरच्या मातीत. त्या वेळात मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो.

पुढे हाताला बिजागरीचा ब्रेस लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपर, असं फिजिओ चाललं. सटकणं कायमचं थांबलं. हात मात्र शेवटपर्यंत सरळ झाला नाही. मेडिकल कॅटेगरी खाली आली, पोस्टऐवजी स्टोअर मिळालं. तिथूनच पुढे रिटायर झालो.

ब्रेस निघाल्यावर पहिल्या सुट्टीत फाट्यावर न उतरता मी भोरला गेलो. यासीनचे वडील दारातच बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं.

मग त्यांनी विचारलं, "शेवटाला त्यो एकटा हुता का?"

"न्हाई चाचा. म्या हुतो. डोकं माझ्या मांडीवर हुतं."

त्यांनी मान हलवली. माझी बाही वर सारून कोपरावरचा व्रण पाहिला. त्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले.

नंतर आम्ही कब्रस्तानात गेलो. चाचांनी फातेहा पढली. मी सावधान उभा राहिलो. उजवा हात मांडीला चिकटला, डावा कोपरात वाकलेलाच राहिला. मी तो ताणायला लागलो.

"ऱ्हाऊ दे बाळा," चाचा म्हणाले. "त्याला ठाऊक हाय."