उपग्रहाकडे पाठ करायची नाही

आत्या गेल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा माझ्या वाट्याला टीव्ही आला. मी दिवसभर पुस्तकं वाचतो, म्हणजे मला टीव्हीची गरज जास्त, असं घरच्यांनी परस्पर ठरवलं. तो मी अजून लावलेला नाही. लावला की आत्या त्याला शिव्या घालायला येईल अशी धास्ती वाटते, आणि येणार नाही अशीही.

२०१६ चा सप्टेंबर. मी तिच्या डहाणूच्या घरी राहून वाणगावच्या शाळेत शिकवत होतो. शाळा दुपारची. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं, म्हणून आत्याने हंगामातले पहिले बोंबील, जोडीजोडीने जबडे एकमेकांत अडकवून, आदल्या दिवशी अंगणातल्या बांबूंवर वाळत घातले होते. सुकले की तलासरीच्या बाजारात जायचे. मध्ये पाऊस आला तर सगळा माल वाया.

त्या सकाळी हवामानाचा उपग्रह सुटणार होता. हा समुद्रावरचा वारा मोजणार, असं मी आत्याला सांगितलं.

"म्हणजे दर्यावर चाललाय," ती म्हणाली आणि नारळ आणायला उठली.

घरची होडी निघाली की तिचे नियम असत. केर काढायचा नाही. जाणाऱ्याला 'कुठे' विचारायचं नाही. होडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाठ करायची नाही. ते सगळे तिने रॉकेटला लावले. वहिनीच्या, म्हणजे तिच्या सुनेच्या, हातातला झाडू काढून घेतला. टीव्हीपुढे नारळ फोडला. निम्मं पाणी रिमोटवर. तेवढ्यात टीव्हीवरच्या बाईने तज्ज्ञाला विचारलं, "उपग्रह आता नेमका कुठे जाणार?"

"मेली! निघताना कुठे विचारते!" आत्या कडाडली. तज्ज्ञाने उत्तर दिलं, तेव्हा त्याचाही उद्धार झाला.

रॉकेट उडालं आणि अंगणात अंधारून आलं. दर्याच्या बाजूने आभाळ भरून येत होतं. मी उठलो.

"बस खाली."

"आत्या, बोंबील!"

"तो दिसतोय ना अजून?"

पडद्यावर आता नुसती एक वाकडी रेष होती आणि तिच्यावरून सरकणारा ठिपका.

"नाही दिसत. गेला."

"खोटं बोलू नको, मास्तर. तो बघ ठिपका चाललाय."

"आई, मी एकटी काढते," वहिनी म्हणाली.

"तू पण पाठ नाही फिरवायची."

"मग उलटी जाते!"

आणि ती खरोखर टीव्हीकडे तोंड करून उलट्या पावली अंगणात गेली. मागोमाग मी. उघड्या दारातून ठिपक्यावर नजर ठेवून आम्ही दोघं पाठीमागे हात घालून बोंबील ओढत होतो. शेजारीण कुंपणापाशी येऊन आम्हाला निवांत न्याहाळत होती. पावसाचे थेंब मानेवर पडायला लागले तरी ठिपका काही पडद्यावरून जाईना. शेवटी आत टीव्हीवर टाळ्या वाजल्या; उपग्रह रॉकेटपासून सुटा झाला होता.

"सुटला, सुटला! आता पळा!" ओरडत आत्याच सगळ्यांच्या पुढे धावली.

अर्धे वाचले. भिजलेल्यांचं मी शाळेला निघायच्या आत कालवण झालं. एवढा माल घालवलास, असं वहिनी पुटपुटली.

"एकटा गेला तो वर," आत्या म्हणाली. "त्याला कोण होतं मागे बघायला?"

मग तिने माझ्या ताटातला बोंबील उचलला. चांगले सगळे तलासरीला जातात, म्हणाली, भिजले म्हणून आपल्याला मिळाले.