उमाटे मॅडमची रफ वही

शोकसभेच्या फलकावर ‘शांत, मृदुभाषी शिक्षिका’ असं लिहिलेलं पाहिलं आणि माझं रडू तिथंच आटलं. राग आला. महिना होत आला, तरी तो गेलेला नाही. ज्या बाईचा आवाज आमच्या रोहणा गावच्या शाळेतून थेट बसथांब्यावर ऐकू यायचा, तिला मेल्यावर मृदुभाषी करायचं? माणूस गेला की सगळे रंधा घेऊन त्याला गुळगुळीत करायला बसतात. उमाटे मॅडम रफ होत्या. हा शब्द त्यांनीच मला आठवीत शिकवला.

त्यांची एक रीत होती. इंग्रजी विशेषण शिकवायचं तर तशी वस्तू प्रत्येकानं घरून आणायची. “हाताले लागल्याबिगर शब्द डोक्यात जात नाई,” म्हणायच्या. ‘रफ’च्या दिवशी कुणी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाळकी काडी आणली, कुणी पोत्याचा तुकडा, कुणी अर्धी वीट. मी रिकाम्या हातानं गेले.

“तू काऊन काही नाई आणलं वो?”

“माह्या मायचे हात रफ हायेत, मॅडम. पन ते कापूस वेचाले गेले.”

वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम हसल्या नाहीत. “मंग ते वहीत आण,” एवढंच म्हणाल्या. मी रफ वहीत मोडक्या इंग्रजीत लिहिलं, मध्ये मध्ये वऱ्हाडीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, दिवस रफ कसा असतो? त्याला तर हात लावता येत नाही... मी लिहिलं, माय तापानं फणफणत होती अन् तरी वावरात गेली, तो दिवस. मॅडमनी शेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. लाल पेन त्यांच्याकडे नसायचाच, आणि वह्या तपासायच्या त्या फक्त रफ.

त्याच वर्षी तपासणीला साहेब आले. मुख्याध्यापकांनी खाकी कव्हरांच्या फेअर वह्यांचा गठ्ठा टेबलावर मांडून ठेवला होता. मॅडमनी तो उचलून खाली ठेवला आणि कोपरे मुडपलेल्या आमच्या रफ वह्या पुढे केल्या. साहेबांनी नेमकी माझीच उघडली. “ही काय भाषा आहे? आणि हे तुम्ही दाखवायला ठेवता?” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“फेअर वहीत मीच दिसते, साहेब. फळ्यावरचं उतरवेल राह्यते,” मॅडम म्हणाल्या. “पोरगी पाहाची असन तं रफ वही पाहा.”

शेरा वाईट आला आणि पुढच्या सत्रात मॅडमची आडगावी बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी रडत सॉरी म्हणाले, तर माझ्यावरच खेकसल्या, “सॉरी कायची? खोटं लिहिलं होतं काय तू?” मृदुभाषी म्हणे!

मागच्या दिवाळीत पवनारला त्यांच्या घरी गेले, तीच शेवटची भेट. मी आता केळझरजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मोठ्या तोऱ्यात माझ्या मुलांच्या वह्या दाखवायला नेल्या होत्या. मॅडमनी साऱ्या चाळल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ह्या तं साऱ्या फेअर हायेत वो. पोरं कुठी हायेत?”

मी वह्या परत पिशवीत भरल्या. फार लाज वाटली, आजही वाटते.

येत्या सोमवारी आमच्या शाळेची तपासणी आहे. फेअर वह्या टेबलावर ठेवा आणि रफ वह्या कपाटात, कुलूप लावून, अशी सूचना आली आहे. काल आईकडून माझी आठवीची वही मागून आणली. मॅडमची खूण पार पुसट झाली आहे, दिसत नाही म्हटलं तरी चालेल. पण त्या पेन्सिल इतकी दाबून चालवायच्या की पानाच्या मागून बोट फिरवलं तर ती अजून हाताला लागते.

कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. सोमवारी टेबलावर सगळ्यात वर ही वही असेल आणि तिच्याखाली माझ्या पोरांच्या रफ वह्या. शेरा काय यायचा तो येवो.