शिवणीच्या ठोकळ्यातले तीन वाडगे

एका वाडग्याच्या पोटातून दुसरा वाडगा काढता येतो, हे मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. ठोकळा पोखरला की आतले लाकूड भुसा होऊन जाते, एवढीच माझी समजूत. दवनीवाड्याच्या शाळेत बदली झाल्यावर ज्यांच्या ओसरीलगतची खोली मी भाड्याने घेतली, ते घरमालक खरादी होते, लाकूड फिरवून कातून भांडी करीत. टोकाशी आकड्यासारखे वळलेले एक लांब दांड्याचे हत्यार त्यांच्यापाशी होते. त्याने ते ठोकळ्याच्या आत गोलाईची खाच खोल नेत आणि मधले लाकूड अखंड बाहेर काढीत. त्याचा दुसरा वाडगा होई, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा. या हत्याराला ते नुसते ‘आकडी’ म्हणत.

त्यांचा खराद, म्हणजे लाकूड फिरवायचे यंत्र, हाताने चालणारा होता. ठोकळा ज्या आडव्या दांड्याच्या तोंडाशी खिळ्यांवर बसवलेला असे, त्याला दोरीचे वेढे असत. समोर बसून काकी, म्हणजे त्यांची पत्नी, दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढीत. ठोकळा एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना हत्यार कापी. मागे फिरताना ते किंचित सैल धरावे लागे. कित्येक संध्याकाळी मी हे पाहत बसलो आणि मग एकदा, फार संकोचाने, मलाही शिकता येईल का, असे विचारले. त्यांनी मला लाटणी करायला बसवले. माझी लाटणी पाहून काकी म्हणाल्या होत्या, “बरं हाय जी, आमी भातवाले. पोळीवाल्यायच्या घरी हे लाटणं गेलं असतं तं भांडन झालं असतं.”

आकडीला मात्र माझा हात कधी लागला नव्हता.

त्या हिवाळ्यात खरादी तापाने गेले. खरादावर शिवणीच्या झाडाचा एक ठोकळा तसाच राहिला. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला एकाच लाकडातले, एकात एक बसणारे तीन वाडगे करून देईन, असे त्यांनी तिला सांगितले होते. सर्वांत आतला त्यांनी काढून घासूनही ठेवला होता. मधल्याभोवतीची खाच अर्ध्यावर आली होती. लाकूड सुकले असते तर खाच आवळली असती आणि आकडी आत शिरलीच नसती. म्हणून काकी त्यावर रोज ओले पोते टाकीत. गोंदियाहून एक ओळखीचा खरादी येऊन पाहून गेला. “काकी, इसमें से अब एक ही कटोरा निकलेगा। बीच का फोड़ के चूल्हे में डालो,” तो म्हणाला. काकींनी त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर पोते पुन्हा भिजवले.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. “गुरुजी, आकडी तुमी धरा. दोरी मी ओढतो.”

मी म्हणालो, “काकी, मला लाटणेसुद्धा नीट येत नाही.”

“ते माहीत हाय मले. पन पोरगी शिमग्याच्या आधी येऊन राहिली, अन् दुसरं हाय कोन?”

आधी टाकाऊ ठोकळ्यावर सराव झाला. आकडी अडली की मी ‘थांबा’ असे ओरडायचे आणि त्यांनी दोरी सोडायची, असे ठरले. आकडी अडली, पण आईच्या वयाच्या बाईवर ओरडणे मला जमेना. दोरी चालूच राहिली, ठोकळा खिळ्यांवरून उखडला आणि भिंतीवर आदळला.

“आवाज नाई का जी तुमाले? शाळेत पोरायवर तं वरडता.”

“पोरांवर ओरडणे निराळे.”

“मंग मले पोरगी समजा.” त्या हसल्या नाहीत. ठोकळा परत बसवीत म्हणाल्या, “ते बी वरडत नव्हते. त्यायचा हात थांबला का मले दोरीत समजे. पन तुमचा हात तं सारखाच थरथरते. भेव कोनतं अन् थांबा कोनतं, मी कायच्यावरून वळखू?”

सराव मात्र मी सोडला नाही. रोज शाळा सुटली की आम्ही समोरासमोर बसू लागलो. हळूहळू मला लाकडाचा आवाज कळू लागला. नीट कापले जात असताना तो सलग असे. आकडीचे तोंड फिरले की करकरे. “आता कापून नाई राहिले तुमी, खरवडून राहिले,” काकी समोरून सांगत. आकडी त्यांच्याकडून दिसतही नसे.

खऱ्या ठोकळ्यावरचे पोते त्यांनी काढले त्या दिवशी, सुरुवात करण्यापूर्वी, मला खाचेत बोट घालायला सांगितले. आत बारीक, एकसारख्या रेघा लागल्या. जिथे त्या संपल्या तिथे माझे बोट थांबले. “तेथून तुमचं,” त्या म्हणाल्या.

मी आकडी आत सरकवली. बराच वेळ सारे ठीक चालले. मग एकाएकी आवाज पोकळ झाला. हत्यार बाहेरच्या वाडग्याच्या अंगाला चालले होते. आणखी दोन झटके आणि मोठ्या वाडग्याला भोक पडले असते. मी ओरडलो. पण तोंडातून जे बाहेर पडले ते ठरलेले ‘थांबा’ नव्हते. वर्गात सवयीने येते तेच आले: “गप्प बसा!”

दोरी त्याच क्षणी ढिली पडली.

“बसली जी,” काकी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी क्षमा मागू लागलो, तसा तो आणखी वाढला.

पुढचे काम मी भीत भीत केले. आकडी बाहेरच्या अंगाला जाऊ नये म्हणून लवकरच आत वळवली, त्यामुळे मोठ्याचे बूड जाड राहिले. शेवटी मधला वाडगा बुडाशी बोटभर लाकडाने धरलेला उरला. काकींनी पातळ पटाशी खाचेत घालून वरून अलगद ठोकली. काडकन आवाज झाला आणि वाडगा त्यांच्या ओंजळीत आला.

त्याच्या अंगावर काठापासून अर्ध्यापर्यंत खरादींच्या रेघा होत्या, खाली माझे ओरखडे. खरादावर राहिलेल्या मोठ्या वाडग्याच्या आतही तसेच. काकी त्या रेघांवरून अंगठा फिरवीत होत्या. मी म्हणालो, “काकी, हे घासायला नको. त्यांच्या हाताचे आहे, तसेच राहू द्या.”

त्यांनी वाडगा उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला.

“लेकराच्या हातात कुसळ जाईन,” त्या म्हणाल्या. “घासा.” आणि दोरीची टोके हातात घेतली.

मी हत्याराच्या धारेने आधी मोठा, मग खरादावर बसवून मधला घासला. त्यांच्या रेघा आणि माझे ओरखडे एकाच सालीत निघून खाली पडले.

मुलगी आली तेव्हा तिन्ही वाडगे एकात एक बसवून फळीवर ठेवलेले होते. तिने ते एकेक करून बाहेर काढले आणि ओळीने मांडले. मी ओसरीच्या टोकाला उभा होतो. आत जावे की नाही, हे मला ठरवता येत नव्हते.

“बाबानं पुरे केले होते का, माय?” तिने विचारले.

काकी होय म्हणाल्या असत्या, तर मला बरे वाटले असते.

“लहान अख्खा त्यायचा,” त्या म्हणाल्या. “बाकी दोघाची सुरुवात त्यायची, बूड गुरुजीचं. म्हनून मोठ्यात पेज जरा कमी मावते.”

मुलीने मोठा वाडगा उचलला, आत डोकावून त्याचे जाड बूड पाहिले आणि तोच आईपुढे धरला. “मंग यातच दे,” ती म्हणाली. “दोनदा घेईन.”