रेडिओवर ऐकलेला स्कॉटिश हंगाम

विमान डेट्रॉइटवर घिरट्या घालू लागलं तेव्हा खाली सगळं करडं दिसत होतं. नोव्हेंबर संपत आला होता. झाडांना पान नव्हतं, तळ्यांवर ऊन नव्हतं आणि माझ्या मनात पुढच्या सहा महिन्यांची धास्ती होती. पत्नी जाऊन वर्ष झालं होतं. मुलीने, सुजाताने, पत्रामागून पत्र पाठवून मला बोलावून घेतलं होतं. कोल्हापुरात तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि तितकीच वर्षं आमच्या पेठांच्या तालमींच्या फुटबॉल सामन्यांत शिट्टी वाजवली. असा माणूस एका घरात सहा महिने बसून काय करणार, हा प्रश्न मी मुंबईपासून बरोबर घेऊन आलो होतो.

विमानतळावर सुजाता आणि जावई मिलिंद उभे होते. मिलिंद नागपूरचा, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्याने "जय भीम, बाबा" म्हणत बॅग हातातून काढून घेतली आणि लगेच माझ्या पायांकडे पाहिलं. "हे शूज चालणार नाहीत हं. उद्या बर्फातले बूट घेऊ. इथे स्नो म्हणजे जोक नाही."

ते ट्रॉय नावाच्या उपनगरात राहत. रुंद रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येक घरापुढे गाडी आणि रस्त्यावर माणूस नाही. सकाळी आठला दोघं कामावर जात. मग मी, फ्रिजची घरघर आणि खिडकीबाहेरची एक खार. पहिल्या आठवड्यात मी घरातली सगळी वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचून काढली. दुसऱ्या आठवड्यात ठरवलं, आता फिरायला जायचं.

जाताना काहीच अडचण आली नाही. अडचण परतताना आली. तासाभरात बर्फाने रस्त्याच्या कडा पुसून टाकल्या आणि सगळी घरं जुळी भावंडं झाली. घराचा नंबर मला पाठ होता, पण रस्त्याचं नाव आठवेना. आमचंच समजून एका दाराचं कुलूप मी दोन मिनिटं किल्लीने खुडबुडत होतो. आतून कुत्रं भुंकलं तसा मागे फिरलो. बोटं बधिर होत चालली होती. तेवढ्यात समोरच्या घराचं गॅरेज उघडं दिसलं. आत एक उंच, लालसर चेहऱ्याचा म्हातारा स्टुलावर बसून चेंडूत हवा भरत होता. इथले लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो लांबट चेंडू नव्हे. गोल, चामड्याचा, आपला फुटबॉल.

"थोडी कमी भरा," मी न राहवून म्हणालो. "थंडीत चामडं ताठ होतं."

त्याने मान वर केली. "हे तुला कोणी सांगितलं?"

"मी रेफरी आहे. होतो. कोल्हापूर, इंडिया."

"नाव?"

"कांबळे."

"कॅम्बेल?" तो ताडकन उभा राहिला. "कॅम्बेल! स्कॉटलंडात आमच्या घराण्याचं आणि कॅम्बेलांचं पिढ्यान् पिढ्या वैर आहे. पण इतक्या थंडीत मी कॅम्बेललासुद्धा बाहेर ठेवणार नाही. ये आत."

ॲलेकची आणि माझी ओळख अशी झाली. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण ॲलेकचं बोलणं पहिल्या वाक्यापासून 'तू'चंच होतं. तो स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचा. वीस वर्षांपूर्वी बायको मोरॅग आणि मुलाला घेऊन इथे आला, मोटारींच्या कारखान्यात साचे बनवण्याचं काम केलं आणि आता निवृत्त झाला होता. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळे. तो 'आय' म्हणे (म्हणजे हो), आणि प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी 'वी' (छोटी) असे. घराचा रस्ता त्यानेच दाखवला. आमचं घर तिथून चौथं होतं.

त्यानंतर माझे शनिवार ठरले. तिकडे दुपारचे तीन वाजून सामने सुरू होत तेव्हा ट्रॉयमध्ये सकाळचे दहा वाजलेले असत. ॲलेकच्या स्वयंपाकघरात शॉर्टवेव्ह रेडिओ होता, त्याची तार खिडकीतून सफरचंदाच्या झाडावर नेलेली. पावणेबाराच्या सुमाराला निवेदक सगळ्या विभागांचे निकाल वाचायचा. ॲलेकने मला एक गंमत शिकवली. दुसऱ्या, म्हणजे पाहुण्या संघाचं नाव निवेदक कोणत्या सुरात घेतो त्यावरून आकडा यायच्या आधीच निकाल कळतो. आवाज खाली आला की पाहुणे हरले, वर चढला की जिंकले, सपाट राहिला की बरोबरी. महिनाभरात मलाही जमू लागलं. मी आलेखाच्या कागदावर गुणतक्ते मांडू लागलो. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालं.

मोरॅग या वेळी समोर बसून विणकाम करायची. मिन्स (खिमा) भरलेली, वाटीएवढी गोल 'पाय' (कचोरीसारखा भाजलेला पदार्थ) ती गरम गरम वाढायची. मटणाची होती, चव चांगली, पण तिखटाच्या नावाने शून्य. तिसऱ्या शनिवारी मी खिशातून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली. ॲलेकने चमचाभर घेतली, डोळे पुसले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आणखी वी चिमूटभर."

रेडिओवर फक्त मोठ्या, व्यावसायिक संघांचे निकाल येत. उत्तरेकडच्या प्रादेशिक लीगचे निकाल ॲलेकची बहीण पोस्टाने पाठवत असलेल्या वर्तमानपत्रातून कळत, तेही दहा-बारा दिवसांनी. ते लहान गावांचे संघ. कोणी खेळाडू मासळीबाजारात कामाला, कोणी सुतार, आणि शनिवारी मैदानावर. ऐकताना मला आमच्या तालमीच आठवत. ॲलेक ते पान उघडायचा आणि पोर्टकार्न नावाच्या संघाच्या निकालाखाली पेन्सिलने रेघ मारायचा. दुसऱ्या कुठल्याच संघाखाली नाही.

"तुमचं गाव का?" मी एकदा विचारलं.

"नाही," म्हणून तो उठून अंगणात गेला.

उत्तर मोरॅगने दिलं. "तिथला गोलकीपर इयन. आमचा मुलगा."

इयन एकोणिसाव्या वर्षी अमेरिका सोडून परत गेला होता. बापाने कारखान्यात त्याच्यासाठी जागा तयार करून ठेवली होती, त्याला होड्या दुरुस्त करायच्या होत्या. जाताना भांडण झालं. ॲलेक म्हणाला, "जायचं तर जा, पण मला फोन करू नकोस." मुलाने ते अक्षरशः पाळलं. या गोष्टीला आठ वर्षं झाली होती. फोन यायचा तो आईला, बाप घरात नसेल अशा वेळी. आणि बाप वर्तमानपत्रात पाहायचा, मुलाने या आठवड्यात किती गोल खाल्ले.

जानेवारीत बातमी आली की राष्ट्रीय चषकात पोर्टकार्नची गाठ वरच्या विभागातल्या व्यावसायिक संघाशी पडली आहे, सामना पोर्टकार्नच्याच मैदानावर. म्हणजे या वेळी ते नाव रेडिओवर येणार होतं. ॲलेकने वरवर काही दाखवलं नाही. पण त्या शनिवारी तो म्हणाला, "आज स्कॉटिश लोकांच्या हॉलमध्ये जाऊ. तिथला रेडिओ मोठा आहे."

मिलिंद आम्हाला घेऊन निघाला. मोरॅग आली नाही. गोलकीपरच्या आईने सामना ऐकू नये असं तिचं मत होतं. वाटेत एका वळणावर गाडी बर्फावरून गिरकी घेऊन पार उलट्या दिशेला तोंड करून थांबली. "बाप रे!" मिलिंद स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाला. ॲलेक मागून शांतपणे म्हणाला, "छान. आता परत सरळ कर."

हॉल म्हणजे जुनी वखार होती. चाळीसेक माणसं, लांब बाकं, मटणाच्या 'पाय'चा वास, भिंतीवर खेळाडूंचे पिवळट फोटो. पावणेबाराला सगळे गप्प झाले. निकाल एकामागून एक येत गेले. मी कागदावर आकडे लिहीत होतो. मग पोर्टकार्नचं नाव आलं, आणि निवेदकाचा आवाज ना वर चढला ना खाली आला. तो म्हणाला, "सामना अर्ध्यावर थांबवण्यात आला आहे."

कोणीतरी म्हणालं, "धुकं असेल." कोणी म्हणालं, "बर्फ." दहा मिनिटांनी बातम्यांत कळलं. वादळी वाऱ्याने गोलमागच्या प्रेक्षागृहाचं पत्र्याचं छप्पर उडून मैदानाकडे कोसळलं होतं. काही जण जखमी, त्यांना इस्पितळात नेलं आहे. नावं नाहीत, आकडा नाही, लगेच पुढची बातमी.

ॲलेक बाकावर तसाच बसून होता. हातातली 'पाय' ताटलीत ठेवायचंही त्याला सुचेना.

"गोलमागचं छप्पर," तो म्हणाला. एवढंच.

"फोन करू या," मी म्हणालो. "नंबर द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे नाही."

हॉलचा फोन स्वयंपाकघराजवळच्या बोळात होता. इयनचा नंबर मोरॅगकडे असणार, म्हणून ॲलेकच्या घरचा नंबर मी फिरवला. लाइन एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. मिलिंद म्हणाला, "मी गाडी काढू का? घरीच जाऊ." बाहेर बर्फ पडत होता, रस्त्यात किमान पाऊण तास तरी जाणार. मी म्हटलं, थांबू. बोळाच्या तोंडाशी माणसं येऊन उभी राहिली. एका बाईने ॲलेकला खुर्ची दिली, तो बसला नाही. त्या वीस मिनिटांत मी तो नंबर किती वेळा फिरवला कोण जाणे. प्रत्येक वेळी तोच तुटक सूर, आणि प्रत्येक वेळी ॲलेक माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.

अखेर घंटी वाजली. मोरॅगने उचलला.

"इयनचाच फोन होता," ती म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "बरा आहे. खांद्याला खरचटलंय. जखमी सगळे बरे होतील म्हणाला, कोणाचा जीव गेला नाही. वाऱ्याने पत्रे वाजायला लागल्याबरोबर त्याने मागच्या लोकांना ओरडून बाहेर काढलं. मिस्टर कांबळे, ॲलेकला सांगा, त्याने विचारलं... त्याने विचारलं, डॅड ऐकत होते का."

मी ॲलेकला सांगितलं. तो भिंतीला टेकला. डोळे मिटून त्याने इतका मोठा श्वास सोडला की बोळातल्या सगळ्यांनीच तो सोडल्यासारखं वाटलं.

"नंबर घे," तो म्हणाला.

मी तो माझ्या गुणतक्त्याच्या कागदावर लिहून घेतला. ऑपरेटरमार्फत लाइन लागायला आणखी काही मिनिटं गेली. या वेळी रिसीव्हर ॲलेकच्या हातात होता. पलीकडून कोणी बोललं असावं. ॲलेकने घसा खाकरला. पुन्हा खाकरला. 

मग तो म्हणाला, "किती गोल खाल्लेस?"

पलीकडचं उत्तर त्याने ऐकलं. ॲलेकचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. तो रिसीव्हर कानाशी तसाच धरून आमच्याकडे वळला आणि ओरडला, "एकही नाही! पन्नास मिनिटं, पहिल्या प्रतीचा संघ, आणि एकही नाही!"

हॉलमध्ये जो गलका झाला तो पलीकडे स्कॉटलंडातही ऐकू गेला असेल. मी मिलिंदला ओढत बाहेर आणलं. पुढचं बोलणं त्या बापलेकांचं होतं.

घरी पोचलो तेव्हा सुजाता पोळ्या करत होती. मिलिंदने सगळी हकीकत सांगितली आणि तो गाडीवरचा बर्फ काढायला गेला. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

"सुजाता, तू अमेरिकेला निघालीस तेव्हा मी स्टेशनवर आलो नव्हतो."

"हो ना. सेमीफायनल होती."

"नव्हती. त्या दिवशी मॅचच नव्हती. मी रिकाम्या मैदानावर बसून होतो."

तिने गॅस बारीक केला. "माहीत आहे बाबा. आई गाडी हलायच्या आधीच म्हणाली होती, चारचौघांत रडायला नको म्हणून गेलेत."

"मग पाच वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल कधीतरी, असं वाटायचं." मग ती हसली, डोळे मनगटाने पुसले आणि म्हणाली, "पोळी करपली बघा तुमच्यामुळे. ही तुम्हीच खायची."

मी ती खाल्ली. इतकं हलकं मला पत्नी गेल्यापासून वाटलं नव्हतं.

सामना पुढे पुन्हा खेळवला गेला आणि पोर्टकार्न तीन गोलांनी हरलं. ॲलेकच्या मते त्यातला एक ऑफसाइड होता. हे त्याला रेडिओने सांगितलं नाही, इयनने सांगितलं. दर रविवारी आता फोन येई आणि बापलेक गोलांवरून भांडत. मोरॅग विणता विणता म्हणे, "भांडू देत." वर्तमानपत्र येत राहिलं, पण बऱ्याचदा घडीही न मोडता तसंच पडून राही.

एप्रिलमध्ये झाडांना अचानक पालवी फुटली. मिलिंद-सुजाताने मला नायगारा दाखवला, शिकागो दाखवलं. ॲलेक आणि मोरॅग प्रादेशिक लीगचे शेवटचे सामने पाहायला स्कॉटलंडला निघाले. निघताना ॲलेक काही फार बोलला नाही. माझा हात त्याच्या दोन्ही हातांत धरून म्हणाला, "कॅम्बेल, मी जरा घाबरलोय." मी म्हटलं, "घाबरा. पण जा."

मेच्या मध्याला मीही परतलो. कोल्हापुरात मंडळी भेटायला आली. अमेरिकेत काय पाहिलंस, असं विचारत. स्कॉटलंडचा फुटबॉल हंगाम पाठ आहे पण एकही सामना डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे ऐकून सगळे हसले. मला त्याचं काही वाटलं नाही. माणसं लांब गेली की तुटतात, या भीतीने मी कितीतरी वर्षं आधीच हात आखडून बसलो होतो. ती भीती कुठे गळून पडली ते मला नीट सांगता येणार नाही, पण परत येताना ती सामानात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारघरात जाऊन सुजाताला कॉल बुक केला. दोन तासांनी लागला. पोचल्याचं सांगितलं, घर उघडल्याचं सांगितलं, तुळस वाळली पण शेवगा भरलाय हे सांगितलं, तिच्या आईची आठवण आली तेही सांगितलं. मध्येच ऑपरेटरचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवायचा का कॉल?"

"वाढवा," मी म्हणालो.