केळी आधी, राजीनामा नंतर

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सारखा ‘जागा संपली’ म्हणून बोंबलतो. मग जुनी कामं उडवावी लागतात. माझ्या डोक्यात उलटं आहे. कामं कधीच उडाली, किस्से तेवढे साठत चाललेत!

ऑफिस म्हणजे वसईतलं बॅनर आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान. इनास सर मालक, मी आणि मंगेश डिझायनर. आम्ही दोघंही कॉलेजात पेंटिंग शिकलेलो. त्यामुळे दिवसभर लोकांच्या वाढदिवसांना झळाळी द्यायची आणि संध्याकाळी चहा पिताना ‘सोडूया यार हे सगळं’ म्हणायचं, हा आमचा नेम.

*

एका दादांचा वाढदिवसाचा बॅनर होता. शुभेच्छुकांचे चेहरे इतके, की खुद्द दादा शोधावे लागत होते. मी धीर करून म्हटलं, “दादा, या कोपऱ्यात थोडी मोकळी जागा सोडलीय. डोळ्यांना बरं वाटतं.”

दादा स्क्रीनजवळ वाकले. “कुठे मोकळी आहे?”

मी बोट दाखवलं.

“अरे वा! मग सांगायचं ना आधी! तिथे आमचा साडू बसेल!”

*

सुक्या मासळीच्या दुकानाचा लोगो आला, तेव्हा मी खरंच खूश झाले. आठवडाभर खपून एका रेषेत अख्खा मासा काढला. सुटसुटीत, डौलदार. मंगेशने उठून टाळ्या वाजवल्या.

दुकानाचे मालक कोळीवाड्यातले काका. त्यांनी चष्मा लावून बघितला, काढून बघितला.

“मासा लय बारीक झाला, बाय.”

“काका, मॉडर्न आहे तो.”

“असल. पन असा मासा जाळ्यात गावला ना, तर आमी त्याला परत पान्यात सोडतो!”

*

मंगेशने एकदा मनावर घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला, आरशासमोर दोनदा प्रॅक्टिस केली आणि सरांच्या केबिनमध्ये शिरला. मी बाहेर कान लावून.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मंगेशच्या हातात केळ्यांची भलीमोठी फणी! सरांची गिरीजला वाडी आहे, केळी तिथली.

“अरे, राजीनाम्याचं काय झालं?”

“सर म्हणाले, आधी केळी खा. ती उद्यापर्यंत टिकायची नाहीत. राजीनामा टिकेल.”

दोन पावसाळे झाले. अजून टिकलाय!

*

मग मी मुंबईत एका मोठ्या जाहिरात कंपनीत इंटरव्ह्यू दिला. काचेचं ऑफिस, रंगीत खुर्च्या, भिंतीवर सायकल टांगलेली. माझी कामं भराभर चाळून तिथल्या सीनियर डिझायनरने फाइल मिटली. मला वाटलं, गेलं!

तो मला सोडायला लिफ्टपर्यंत आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “मी दोन वर्षं एकाच बिस्किटाच्या पुड्याचा डावा कोपरा करतोय. तुमच्या वसईत व्हेकन्सी आहे का हो?”

विरारच्या घरी येईपर्यंत हसत होते. नंतर मात्र नीट जेवण गेलं नाही. तिथेही कोपरेच भरायचे असतील, तर जायचं कुठे?

*

शेवटी गेल्या महिन्यात मीच केबिनमध्ये शिरले. केळी दिसायच्या आत बोलून टाकलं, “सर, मी सोडतेय.”

“पुढे काय?”

“चित्रं काढीन. बाकी माहीत नाही.”

सर काहीतरी समजवतील म्हणून मी तयारीत होते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तरुणपणी मीही चित्रं काढायचो. आमच्या चर्चमध्ये नाताळात येशूजन्माचा गोठा मांडतात, तो दरवर्षी मी रंगवायचो.”

“मग?”

“मग हे छपाईचं मशीन घेतलं.”

आणि बेल वाजवून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

*

माझ्या नोटीस पिरियडचा शेवटचा आठवडा. भुईगावहून एग्नेस नावाची एक आजी आली. लाल चौकटीचं लुगडं, हातात छत्री, सोबत कोणी नाही. तिची बोली मला नीट बोलता येत नाही, म्हणून आपल्या मराठीत सांगते.

“माझ्या मयताच्या बॅनरचा फोटो आजच करून ठेव,” ती म्हणाली. “पोरं मागाहून काहीही लावतील.”

पिशवीतून तिने चार फोटो काढले. चारही फोटोंत आजी कोणावर तरी भडकलेली! कॅमेरा समोर आला की तिच्या भुवया आपोआप चढायच्या. मंगेशने मोबाइलवर दोन काढले, त्यातही तेच.

“हा पोरगा म्हणतो, तू चित्रं काढतेस. मग काढ.”

किती काळाने कागद-पेन्सिल घेऊन कोणासमोर बसले होते! सुरुवातीला काढलेलं खोडतच होते. आजी केळीच्या बागेबद्दल, सुनेबद्दल, समुद्राने खाल्लेल्या किनाऱ्याबद्दल बोलत राहिली. बोलता बोलता भुवया खाली आल्या आणि माझी पेन्सिल पळायला लागली. सर केव्हा येऊन मागे उभे राहिले, कळलंही नाही.

कागद तिच्या हातात दिला. ती बघतच राहिली.

“आजी, नाही जमलं का?”

“ही मी नाही,” ती म्हणाली. “ही माझी आई. मी लहान असताना गेली. तिचा एकही फोटो नव्हता गं आमच्याकडे.”

तिने कागद पदराखाली धरला, छत्री उचलली आणि निघालीसुद्धा.

मी मागून ओरडले, “आजी, आणि तुमच्या मयताचा फोटो?”

“राहू दे! आधी हिला घरी नेते!”