लाहेवर तोडलेली मिरची

मार्गशीर्षातल्या उन्हाला आमच्या नंदुरबारकडे एक रंग असतो आणि एक वास. रंग गावाबाहेरच्या मोकळ्या पथारींवर वाळत घातलेल्या मिरचीचा, मैलभर लाल सतरंजी अंथरून पाहुण्यांना बोलावायचं कुणी विसरून गेल्यासारखा. आणि वासही तिचाच, नाकात शिरताना गोडसर, घशाशी पोहोचल्यावर मात्र आपला खरा स्वभाव सांगणारा. बाहेरगावचा माणूस या दिवसांत स्टँडवर उतरला की शिंकू लागतो आणि आम्ही त्याच्याकडे जरा अभिमानाने पाहतो. लग्न होऊन मी कोरीटला आले तेव्हा माझाही पहिला हिवाळा शिंकण्यात आणि डोळे पुसण्यात गेला. सून माहेरच्या आठवणीने झुरते आहे, असा सासरी सर्वांचा समज झाला, आणि तो दुरुस्त करण्याइतकी मी भोळी नव्हते.

यंदा माझ्या फडताळात तिखटाची एक बरणी इतरांपासून वेगळी ठेवली आहे. तिच्यातलं तिखट काही विशेष आहे असं नाही. त्याच शेतातलं, त्याच रोपांचं. पण झाकण उघडलं की ठसक्याबरोबर एक अख्खी दुपार वर येते, आणि डोळ्यांत पाणी आलं तर ते नेमकं कशाचं, याची चौकशी आता घरात कोणी करत नाही.

यंदा मिरची आणि निवडणूक एकाच वेळी पिकली. सकाळी धुक्यातून आधी भोंग्याचा आवाज येई आणि मागून सूर्य. आमच्याकडे तोडणीला येणाऱ्या बायका एके दिवशी आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. चौकशी केली तर कळलं, सगळ्या सभेला गेल्या. सभेत खुर्चीवर बसून टाळ्या वाजवण्याचा रोज मिरचीच्या रोजापेक्षा अधिक, वर मांडवाची सावली, वर पुरीभाजी. त्यांना नावं कोणत्या तोंडाने ठेवायची? मला कोणी बोलावलं असतं तर दुपारपुरती मीही टाळ्या वाजवून आले असते. आमचे हे, मजूर शोधायला म्हणून, मोटरसायकलवर नंदुरबारच्या त्या सभेलाच गेले, आणि शेतात उरलो आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना सारं गाव जिजी म्हणतं.

झाडावर पिकून लाल झालेली मिरची फार वाट पाहत नाही. सुरकुतते, गळते, मातीला लागून डागाळते. मला ते कळत होतं, पण माझ्या बोटांना कळत नव्हतं. बराच वेळ वाकून मी टोपलीचा तळ जेमतेम झाकला, तेव्हा बांधावर बसून देठ खुडणाऱ्या जिजी म्हणाल्या, “तू मिरची तोडी ऱ्हायनी का तिनी समजूत काढी ऱ्हायनी वं?”

तेवढ्यात ती माणसं दिसली. आधी वाटलं, लग्नाचं वऱ्हाड. पण वऱ्हाडाला वाद्य असतं. ही माणसं काही न वाजवता, एकामागून एक अशी चालत होती, सातपुड्यातल्या पायवाटेची सवय रुंद डांबरी रस्त्यावरही न मोडता, जणू दोन्ही बाजूंना अजून दरीच आहे. धडगावच्या दोन जीपांत मावतील एवढी, म्हणजे इतर कुठल्याही मुलखाच्या हिशेबाने एक लग्नघर भरेल एवढी माणसं. आमच्या विहिरीजवळच्या चिंचेखाली ती टेकली, आणि त्यांतली एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई, गळ्यात चांदीची जाड साखळी, पाण्यासाठी कळशी मागायला आली. तिचं नाव रुमालीबाई. ती घरी पावरी बोलणारी. आमच्याशी बोलताना मराठी, थोडी अहिराणी आणि बरेचसे हात अशी सरमिसळ करी, आणि समोर कोणीही असो, सर्वांना ‘तू’ म्हणे.

पाणी पिऊन तिने सांगितलं ते असं. धडगावच्याही वर तिचा पाडा आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी जीप पार तिच्या दारापर्यंत येते, त्यासाठी वाट तेवढ्यापुरती नीट करतात. जीपमधून साड्या उतरतात, बाटल्या उतरतात, हात जोडणारी माणसं उतरतात. पुढच्या पावसात ती वाट वाहून जाते. तिची सून पहिल्या खेपेला अडली, तेव्हा बांबूला झोळी बांधून तिला घाटातून खाली आणावं लागलं, आणि मूल वाटेतच गेलं. “मत न्यायला जीप येते,” रुमालीबाई म्हणाली, “बाई न्यायला का येत नाही?” सून आता पुन्हा गरोदर होती, होळीच्या सुमारास मोकळी होणार होती. निवडणुकीत उधळायला इतकं असतं, मग रस्त्याला आणि डोंगरातल्या कामाला का नसतं, हे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला तोंडावर विचारायला ते पायी निघाले होते. पिठाच्या पिशव्या कालच संपल्या होत्या.

आम्ही काही बोलणार तोच रस्त्यावर एक टेम्पो थांबला. कोणा उमेदवाराचा; कोणाचा ते महत्त्वाचं नाही, त्या दिवसांत सगळ्याच टेम्पोंना तोंड असे आणि सगळी तोंडं हसरी असत. पुरीभाजीची पाकिटं होती, प्रत्येकावर तेच हसू छापलेलं. वाटणारा माणूस वाईट नव्हता. “खा ना माय,” तो म्हणाला, “कोणी तुला नाव विचारी नाही ऱ्हायना.” गरम पुरीचा वास चिंचेच्या सावलीत असा पसरला की, खरं सांगते, माझंच लक्ष मिरचीवरून उडालं. पण त्या माणसांतलं कोणी हललं नाही. रुमालीबाईने हसून दोन्ही हात मागे बांधले, शाळेतल्या मुलीसारखे. टेम्पो थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला.

मग कारण कळलं. घाट उतरताना कोणीतरी त्यांचं चित्रण करून मोबाइलवर फिरवलं होतं: ही माणसं रोजाने आणलेली आहेत, चालण्याचे पैसे मिळतात, खाणंपिणं कोणीतरी पुरवतं. आता एक पुरी जरी कोणी खाल्ली असती तरी रस्ता, झोळी, सून, सारं त्या एका पुरीखाली गाडलं गेलं असतं. साहेबाच्या दारात उभं राहून ‘आम्ही आमच्या पायांनी, आमचं खाऊन आलो’ हे म्हणता यायला हवं, एवढीच तिची पुंजी होती आणि ती तिला शाबूत पोहोचवायची होती.

जिजींना राजकारण कळत नाही, पण उपाशी माणूस कळतो. आमचं घर शेतातच. त्या उठल्या आणि म्हणाल्या, खिचडी टाकते, सगळ्यांनी जेवून जायचं. रुमालीबाईने मान हलवली. जिजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. “आमना दारवरथून कोन्ही उपाशी गये नही,” त्या म्हणाल्या. रुमालीबाईची नजर आमच्या वाफ्यांवरून फिरली, लाल होऊन ओणवलेल्या रोपांवरून, माझ्या टोपलीच्या तळावरून, आणि बहुधा माझ्या बोटांवरूनही.

“मिरची कुणाची?”

“आमची,” मी म्हणाले.

“तोडायला कुणी नाही?”

“सभेला गेलेत.”

ती इतकी मोठ्यानं हसली की चिंचेवरचे पोपट उडाले. मग आपल्या माणसांकडे वळून पावरीत काही बोलली, आणि मला सांगितलं, “लाह करू.” डोंगरात एकाच्या शेतात निंदणी अडली की सारा पाडा तिथे उतरतो, मजुरी नाही, ज्याच्या शेतात काम त्याच्या घरी त्या दिवसाचं जेवण, आणि उद्या हाच पाडा दुसऱ्याच्या शेतात. त्याला ते लाह म्हणतात. लाहेचं जेवण म्हणजे दान नव्हे आणि मजुरीही नव्हे. ते खाऊन मान खाली घालावी लागत नाही. जिजींचा चेहरा एकदम उजळला. “इर्जिकच ना ही! आमनी बी व्हती, ट्रॅक्टर येवाना पहिले,” म्हणत त्या चुलीकडे जवळजवळ धावल्या.

पुढची घटका माझ्या आयुष्यातल्या फार देखण्या घटकांपैकी एक. कलत्या उन्हात ती सारी माणसं वाफ्यावाफ्यांत पसरली आणि शेताचा लाल रंग हळूहळू झाडांवरून उतरून टोपल्यांत जमा होऊ लागला, जसा संध्याकाळचा उजेड डोंगरावरून उतरून नदीत साठतो. कोणी एक ओळ गुणगुणे, दुसरं कोणी दोन वाफे सोडून ती पुढे नेई. हवेत मिरचीचा ठसका, त्यात चुलीचा धूर, त्यात तुरीच्या डाळीच्या खिचडीचा वास. मी रुमालीबाईच्या शेजारच्या ओळीत होते, म्हणजे सुरुवातीला होते. नंतर ती पुढे निघून गेली आणि मला फक्त तिचं हसू ऐकू येत राहिलं.

आणि मग मी माती खाल्ली. टोपल्या भरून बांधावर आल्या तशी माझ्या हाताने आपल्या सवयीने कमरेची पिशवी उघडली आणि मी रुमालीबाईपुढे नोटा धरल्या. इतकी मिरची तोडली, मजुरी नको का? माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काहीही नव्हतं. पण आम्हा सपाटीवरच्या बागायतदारांची कृतज्ञता सुद्धा बटव्यातूनच बाहेर पडते. ती नोटांकडे पाहत राहिली. हसू मावळलं होतं.

“हे घेतलं तर तो मोबाइलवाला खरा,” ती हळू म्हणाली. “ठेव आत. कुणी पाहील.”

मी इतक्या घाईने पिशवी बंद केली की चेनमध्ये पदर अडकला, आणि तो सोडवता सोडवता तिलाच पुन्हा हसू फुटलं. त्या हसण्याचे माझ्यावर उपकार आहेत. पंगत बसली. खिचडीवर कच्च्या तेलाची धार, बाजूला ठेचा. रुमालीबाईने लोणचं दोनदा मागून घेतलं, जिजींच्या पाठीवर थाप मारली आणि जेवण होताच चिंचेच्या मुळाशी डोकं टेकवून थोडा वेळ चक्क घोरली.

निघायची वेळ झाली तेव्हा जिजींनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, भांडी घासायचं सांगतील. त्या म्हणाल्या, “त्यासनी आपलं काम करं. आते आपले त्यासना संगे जानं पडी. मन्हा गुडघा चालत नही, तू जाय.” इर्जिकीचा नियमच तसा, त्यांचं काम शेतात नव्हतं, रस्त्यावर होतं. अशा रीतीने, कोणत्याही विचारसरणीशी संबंध न येता, सासूच्या गुडघ्यापायी मी मोर्चात सामील झाले.

माझ्या पायांत नक्षीच्या चपला होत्या, नंदुरबारच्या बाजारापर्यंत रिक्षाने जाण्यासाठीच बनवलेल्या. गावाची वेस मागे पडली न पडली तोच एका चपलेचा अंगठा तुटला. रुमालीबाईने आपल्या रिकाम्या पिठाच्या पिशवीची नाडी काढून ती बांधून दिली. पायाला मक्याच्या पिठाचा वास लागला. मीही त्यांच्यासारखी ओळीत चालू लागले, समोरच्या पाठीवर नजर ठेवून, आणि रोजचाच रस्ता मला नवा दिसू लागला: पथारीवर मिरच्या उलथणाऱ्या बायका हात थांबवून आमच्याकडे पाहत होत्या, आणि गाडीतून जाताना त्यांचे चेहरे मी कधी पाहिलेच नव्हते.

समोरून मोटरसायकल आली. गळ्यात उमेदवाराचं उपरणं, हँडलला पुरीभाजीचं पाकीट, चेहऱ्यावर जेवल्याचं समाधान: आमचे हे. मजूर मिळाले नव्हते, पण खुर्ची मिळाली होती.

“अगं, तू कुठे निघालीस?”

“लाहेला,” मी म्हणाले, आणि मिरची तोडून झाल्याचं सांगितलं. कोणी तोडली तेही सांगितलं. त्यांनी ओळीकडे पाहिलं, माझ्या चपलेकडे पाहिलं. मग उपरणं काढून डिकीत टाकलं, गाडी बंद केली आणि ती ढकलत ओळीच्या शेवटी चालू लागले. गाडी असून माणूस ढकलत का चालतो, असं रस्त्याने दोघातिघांनी विचारलं. पेट्रोल संपलं, असं सांगत राहिले. नवऱ्याचं खोटं बोलणं मला इतकं आवडलेलं हे एकदाच.

साहेबांच्या कचेरीच्या फाटकाशी ऊन पिवळं होऊन भिंतीवर चढलं होतं. तिथे मोबाइल धरून एकजण उभा होताच. साऱ्या ओळीत त्याने नेमकं मलाच गाठलं. “बाई, किती मिळाले?” इतक्या वर्षांत माझ्या तोंडून वेळेवर उत्तर कधी निघालेलं नाही. त्या दिवशी निघालं. “आम्हीच यांना द्यायला गेलो होतो,” मी म्हणाले, “त्यांनी घेतले नाहीत.” त्याने मोबाइल खाली केला, चित्रण पुढे कुठे दाखवलं की नाही, ठाऊक नाही.

साहेब बाहेर आले. रुमालीबाईने त्यांनाही ‘तू’ म्हटलं आणि झोळीची गोष्ट सांगितली. “आमच्या पायांनी आलो. आमच्या कामाचं खाऊन आलो. आता तू सांग.” ते म्हणाले, स्वतः येऊन ती वाट बघून जाईन. असं पूर्वीही कोणी म्हटलं असेल. पण फाटकातून परतताना तिची मान जशी होती, तशी मान कुठल्याही आश्वासनाने ताठ होत नाही; ती आतूनच यावी लागते.

निरोप घेताना मी म्हणाले, आता फिटलं ना? तिला तो शब्द कळला नाही, किंवा कळूनही पटला नाही. लाह फिटत नाही म्हणे, फिरते. “होळीला ये,” ती म्हणाली. “होळीचा बांबू उभा करायला हात लागतात. नातवंडही बघ.”

आता पळसाला रंग चढू लागला आहे. काठी गावच्या राजवाडी होळीचं बोलणं बाजारात सुरू झालं आहे, आणि तिच्याही पाड्यावर बांबूची निवड झाली असेल. जिजींनी त्या दुपारच्या तिखटातलं अर्धं बाळंतिणीच्या घरी न्यायला म्हणून बांधून ठेवलं आहे, बाळंतिणीला तिखट चालत नाही हे सांगितलं तर म्हणाल्या, “सासूले चालस ना!” यांनी माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले आहेत, एक माप मोठे. साहेब येऊन ती वाट बघून गेले, असं धडगावहून येणाऱ्या जीपवाल्याने सांगितलं. काम सुरू झालं का, ते त्याला माहीत नव्हतं. त्याची जीप एका वळणापर्यंतच जाते. तिथून पुढे किती चालावं लागतं, हे मी त्याला विचारलेलं नाही.